जरा अलीकडे

माझा कान चांगला आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. विशारद मी द्वितीय श्रेणीत झाले, पुढे गाणं सुटलं, पण कानाचा ताठा काही सुटला नाही. मिरजेत राहून तो सुटणं कठीणच. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, ज्या दर्ग्यात उरुसाला रात्र-रात्र गाणं चालतं, तिथे बसून मान कुठे हलवायची आणि कुठे मुळीच हलवायची नाही, याचा मी बारीक अभ्यास केलेला आहे. नवखा समेवर मान हलवतो. मुरलेला श्रोता समेच्या किंचित आधी डोळे मिटतो. सम येणार हे ह्याला आधीच कळलं होतं, असा शेजारच्याचा समज होतो. मी डोळे मिटणाऱ्यांतली.

असा कान घरात असताना पद्मिनीचं टायमिंग लावायला बाहेरचा माणूस कशाला?

पद्मिनी वडिलांची, १९७८ सालची. नंबर लावून, वाट बघून मिळालेली. तेव्हा गाडी नुसते पैसे टाकून येत नसे, ती कपाळी असावी लागे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीची फियाट आपली होऊन बाहेर पडू लागली. पन्नाशीच्या दशकातल्या फुगीर फियाटला लोकांनी प्रेमाने डुक्कर म्हटलं. १९६४ साली चौकोनी अंगाची डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी झाली. नाव राणीचं, इंजिन १०८९ सीसीचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत भरून मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हा नातेवाइकांनी मला सांत्वनाचे फोन केले. एका मावशीने तर, ‘फार हाल नाहीत ना गं झाले तिचे?’ असं विचारलं. आमची त्या वेळी दारात उभी होती आणि व्यवस्थित मिसिंग मारत होती.

ज्यांनी पॉइंटच्या गाड्या चालवल्या त्यांना टायमिंग समजावून सांगणं म्हणजे अपमान आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शाळेच्या पुस्तकात इंजिनाची आकृती असते. पिस्टन अगदी वर पोचतो आणि तिथे ठिणगी पडते. ही आकृती धादांत खोटी आहे. दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायला वेळ लागतो, मिलिसेकंदातच, पण लागतो. मी गणित शिकवते, त्यामुळे उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. क्रँक मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ५०, म्हणजे १८,००० अंश, म्हणजे एका मिलिसेकंदात १८ अंश. आग पसरेपर्यंत पिस्टन वर टेकून परत खाली निघालेलाही असतो. म्हणून ठिणगी तो वर पोचण्याच्या जरा अलीकडे पाडावी लागते. किती अलीकडे, एवढाच सगळा प्रश्न.

फार अलीकडे पाडली तर दाब भलत्या वेळी चढतो, उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि इंजिन टणटण वाजायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात. उशिरा पाडली तर आवाज काही नाही, गाडी फक्त तापते, पेट्रोल पिते आणि चढाला बसते. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी अलीकडे सरकावी म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात, बाहेरून व्हॅक्यूमचा पडदा असतो. त्यांचं काम ती करतात. पण मुळात सुरुवात कुठून करायची ते माणसाने ठरवायचं. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून अख्खा डिस्ट्रिब्यूटर मुठीत धरायचा आणि फिरवायचा. आतला रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेला फिरवला की ठिणगी अलीकडे, सुलट फिरवला की पलीकडे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर यासाठी स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला दांडीच असे. हँडल मारण्याआधी ती मागे घ्यायला विसरलात तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. त्या मानाने पद्मिनी सोशिक आहे. ती फक्त अबोला धरते.

आमचे मिस्त्री गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. म्हटलं, हीच संधी.

आधी पॉइंट आणायला बाजारात गेले. काउंटरवरचा मुलगा माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “साहेब?”

मी मागे वळून पाहिलं. साहेब कुठेच नव्हते. “फियाटचा पॉइंट सेट आणि कंडेन्सर,” मी म्हणाले.

“साहेबांना फोन लावून विचारता का, कुठला पाहिजे?”

माझ्याकडे जुना सेट रुमालात होता, तो काढून काउंटरवर ठेवला. मुलाने उचलला, उलटापालटा केला आणि मागच्या बाकावर चहा पीत बसलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला विचारलं, “काका, हा कुठला?” तो माणूस कापडाचा व्यापारी निघाला, पण त्याचं मत घेतलं गेलं. मी माझ्या पैशांनी, माझ्या गाडीसाठी, माझ्या हाताने पॉइंट बसवणार होते, आणि या सगळ्या व्यवहारात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. वर्गात अशा मुलाला मी पाढे म्हणायला उभा केला असता.

सामानाचा प्रश्न नव्हता. वडिलांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात फिलर गेज, घासून पातळ झालेला पॉलिश पेपर, जिलेटीनच्या कागदात गुंडाळलेला एक कंडेन्सर आणि दोन वायरी डकवलेला स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब. झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलंय: १-३-४-२. चार सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो क्रम. वडिलांना तो झोपेतही पाठ होता, मग लिहिला कुणासाठी? मला त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. भावाने कधी लावला नाही. मी झाकण लावून कामाला लागले.

बल्बची युक्ती फार सुंदर आहे. एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. किल्ली ऑन. पॉइंट मिटलेले असले की बल्ब बंद. ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो, आणि तोच ठिणगीचा क्षण. पुलीवरची खूण समोरच्या कव्हरवरच्या खुणेशी जुळवायची, मग डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवत बल्ब जिथे पेटेल तिथे थांबायचं. पुलीवरची खूण तेलामातीत बुजली होती. ती घासून काढली आणि तिच्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला. इथवर माझं काम कुणाही गॅरेजात शोभलं असतं.

पण उघडं बॉनेट दिसलं की आपल्याकडे पुरुषांना आमंत्रण लागत नाही. आधी पलीकडचे निवृत्त तलाठी आले. त्यांनी मान तिरकी केली, ऐकलं आणि म्हणाले, “टप्पेट.” दूधवाला मोटारसायकल बंद न करताच म्हणाला, “कार्ब्युरेटरात कचरा.” तिसऱ्याने काहीच न ऐकता सांगितलं, “विकून टाका.” मी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि इंजिन चालू ठेवून, बोल्ट ढिला करून, डिस्ट्रिब्यूटर मुठीत धरला. आणि डोळे मिटले.

इथे थोडं गणित पुन्हा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दोन स्फोट. म्हणजे आयडलला मिनिटाला आठशे फेऱ्या असतील तर सेकंदाला साधारण सत्तावीस स्फोट. माझी पट्टी काळी चार. तिचा खर्जाचा षड्ज सेकंदाला सुमारे १०४ कंपनांचा. तेव्हा माझी पद्मिनी उभ्या-उभ्या गुणगुणते ती माझ्या खर्जाच्याही दोन सप्तकं खाली, आणि ३१०० फेऱ्यांच्या आसपास ती माझ्या तंबोऱ्याच्या खर्जाला येऊन मिळते. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी घरात सांगितला. घरात कुणाला झाला नाही.

आता तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर जवारीबद्दल बोलू द्या. मिरजेचा माणूस जवारीवर बोलल्याशिवाय राहत नाही, त्याला इलाज नाही.

आमच्याकडच्या सितारमेकरांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तशी ही मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. धार लावणारे हात सूर लावायला लागले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, दारात सुकत पडलेले असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही असे वागलो की जणू आम्हीच भोपळे कोरत होतो.

लहानपणी जवारी काढून घ्यायला तंबोरा घेऊन मी वडिलांबरोबर सितारमेकरांच्या गल्लीत जायचे. वडील अर्थात पद्मिनीतून, तंबोरा मागच्या सीटवर आडवा, मी त्याच्या भोपळ्याला धरून. कारागीर घोडी उतरवायचा. घोडीचा माथा वरवर पाहता सपाट, पण तो सपाट नसतो. डोळ्याला दिसणार नाही असा उतार त्याला असतो, आणि तार त्या उतारावर किती लांब घासते यावर सगळं गाणं अवलंबून. वर्षभर वाजवून तारेने त्यात चर पाडलेले असत. तो कानशीचे दोन हलके हात फिरवायचा. घोडी परत चढवायची, तार लावायची, छेडायची. आवाज मिटलेला. परत उतरवायची. हे दुपारभर चालायचं आणि वडील कधीही घड्याळाकडे बघायचे नाहीत, हेच वडील एसटी पाच मिनिटं उशिरा आली तर डेपोत तक्रार लिहायचे. शेवटी तो सुती दोऱ्याचा बारका तुकडा तारेखाली सरकवायचा. दोरा नखाने मागे. पुढे. आणखी पुढे. काही नाही. परत केसभर मागे, आणि एकदम ती तार उघडायची, आवाजातून आवाज निघत राहायचा, गल्लीतलं कुत्रंसुद्धा कान टवकारायचं. (कुत्र्याचं मी वाढवून सांगतेय. बाकीचं नाही.) केसभर अलीकडे तार मुकी, केसभर पलीकडे नुसती भिरभिर. डिस्ट्रिब्यूटरचंही अगदी तस्संच, असं माझं मत आहे, आणि ते मी त्या दिवशी तलाठ्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “पण टप्पेट बघा एकदा.”

तर डोळे मिटून मी फिरवत गेले. जसजसा अलीकडे फिरवला तसतसं इंजिन वर चढलं, सूर उजळला, थरथर थांबली. इतका गोड आवाज ह्या गाडीने माझ्या वडिलांनाही कधी दिला नसेल. तिथेच बोल्ट आवळला. दूधवाल्याने मान डोलावली. मी उद्घाटनाला आल्यासारखी गाडीत बसले आणि थेट दंडोबाच्या डोंगराचा रस्ता धरला, कारण मिरजेच्या सपाटीवर कुठलीही गाडी चांगलीच असते.

पायथ्यापर्यंत चांगलीच होती. चढ लागला, मी टॉपमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, आणि टण-टण-टण-टण सुरू झालं.

मी पेट्रोलला दोष दिला. घरी आल्यावर साहेबांना, तलाठ्यांना आणि फोनवर पुण्याच्या भाच्याला, हल्ली त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, उसाचा रस जाळल्यावर दुसरं काय होणार, असं ऐकवलं. भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “मावशी, इथेनॉलने नॉकिंग कमी होतं. वाढत नाही. रबरी पाइप तेवढे बदलून घे, ते मात्र खराब होतील.” सांगली जिल्ह्यात राहून उसाची बदनामी केली ती केली, वर शास्त्रही विरोधात गेलं. तरीही, मी टायमिंग चुकीचं लावलं होतं असं मी म्हणणार नाही. इंजिनाचा आणि माझा काही अंशांचा मतभेद होता.

पुढे मिस्त्री काठी टेकत आले. रिक्षातून उतरले, बॉनेटपाशी उभे राहिले. मी गाडी चालू केली आणि आवाजाचं वर्णन सुरू केलं. सूर कसा चढला, थरथर कशी थांबली. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि इतकी वर्षं कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं: ते नेहमी ओठांकडेच बघतात.

“ऐकू येत नाही?” मी मोठ्याने विचारलं.

“कान गेलाय वो ताई, कवाच,” ते म्हणाले. “हात हाय की.”

कानाचं मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, बिडीच्या बंडलाशेजारी. लावलं की सगळ्या गाड्या एकदम डोक्यात शिरतात म्हणे, म्हणून लावत नाहीत. त्यांनी डावा पंजा टप्पेट कव्हरवर टेकला, पोर तापलंय का बघतात तसा नव्हे, जोर देऊन, सगळा हात. चटका बसत असणार. उजव्या हाताने डिस्ट्रिब्यूटर धरला आणि तो फिरवला असं मला दिसलंसुद्धा नाही. थोडा वेळ तसेच उभे. मग बोल्ट आवळला.

ह्या ठिकाणी मला थोडं रागावू द्या. पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी ट्रकचं इंजिन रेसवर, डोक्यावर वेल्डिंगचा फडफडाट, अशात ह्या माणसाचं आयुष्य गेलं. कानात घालायचा कापसाचा बोळासुद्धा कुणी कधी दिला नाही. माझ्यासारख्यांनी काय केलं? ‘किती वेळ लागेल?’ विचारलं आणि ‘जरा रेस करून दाखवा’ म्हटलं. आणखी जरा. आणखी. आमच्या गावात कानाला फार मान. गाणाऱ्यांचा सत्कार, ऐकणाऱ्यांना पुढची रांग, आमच्यासारख्या अर्धवटांनाही सतरंजीवर जागा. ह्या माणसाने सगळ्या तालुक्याच्या गाड्या कानाने लावल्या, कान संपला तेव्हा हाताने लावल्या, आणि ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, कारण बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार? मी दिली असती का? उत्तर देण्याआधी मी डोळे मिटले असते, एवढं नक्की.

मिस्त्रींनी मला ड्रायव्हिंगला बसवलं आणि स्वतः शेजारी. पद्मिनीचा पुढचा सीट सलग, गिअर स्टीअरिंगला, त्यामुळे गुडघा लांबवायला त्यांना जागा झाली. दंडोबाच्या चढावर म्हणाले, “टॉपला टाका. तिशीवर येऊ द्या. आता दाबा.” टण, टण. आणि बंद. गाडी ओढायला लागली. त्यांचा हात डॅशबोर्डवर होता. “दोनदा वाजून गप बसली की बराबर. अजिबात नाय वाजली तर झोपलीया, वाजतच राह्यली तर भांडतीया.”

भाचा दिवाळीला आला तो टायमिंग लाइट घेऊन. पिस्तुलासारखं असतं. पहिल्या प्लगच्या वायरीला चिमटा लावायचा, प्रत्येक ठिणगीला त्यातून प्रकाश लपकतो आणि गरगर फिरणारी पुली डोळ्यासमोर जागच्या जागी थांबलेली दिसते. माझा नेलपॉलिशचा ठिपका हवेत स्थिर उभा राहिला, फारच देखणा. भाचा म्हणाला, “पुस्तकात दिलंय त्याच्यापेक्षा दोन अंश वेगळं आहे. आणू का पुस्तकावर?” मी त्याचा हात धरला. पुस्तक लिहिलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते २००० साली देशभर बंद झालं, इथेनॉल नव्हतं, आणि ह्या इंजिनाची वजनं, स्प्रिंगा नव्या होत्या. पुस्तक लिहिणारा दंडोबाला आला होता का? भाच्याने पिस्तूल पिशवीत ठेवलं आणि चकली घेतली.

टायमिंग तसं टिकत नाही म्हणा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते आणि ठिणगी हळूहळू उशिरावर जाते, काही हजार किलोमीटरमध्ये जाणवेल इतकी. पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा फिलर गेज, पुन्हा मिस्त्री. आताशा ते पंजा टेकवतात आणि शेजारी मला टेकवायला लावतात. मला अजून नुसता चटका कळतो.

शेवटी एक निवेदन. हल्ली नवे कंडेन्सर फार वेळ टिकत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांत मान टाकतात. कुणाच्या माळ्यावर फियाटचा जुना, चालता कंडेन्सर पडला असेल तर फेकू नका, योग्य किमतीला घेईन. निरोप माझ्या नावाने द्यावा. साहेबांना गाडीतलं काही कळत नाही.